बॅकअपचा बॅकअप: गोव्याच्या दमट हवेत टिकणारं साधन कसं निवडावं

संगणकातला डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला की पहिला बॅकअप झाला. पण ती डिस्क बहुधा संगणकाशेजारीच जोडलेली असते. वीज कडाडली, पाणी शिरलं किंवा फायली कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर आलं, तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून दुसरी प्रत हवी, आणि ती एरवी सुटी ठेवलेली हवी. ही प्रत वर्षातले बहुतेक दिवस कपाटात पडून असते. तेव्हा साधन निवडताना वेग फार पाहू नका. विजेशिवाय, ओलसर हवेत पडून राहिलं तर ते टिकेल का, हे पाहा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरणाऱ्या आपल्या घरांत हाच खरा प्रश्न आहे.

१. आधी मोजदाद

डेटाचे दोन ढीग करा. जमिनीचा एक-चौदाचा उतारा पुन्हा काढता येतो, सॉफ्टवेअर पुन्हा उतरवता येतं. घरचे फोटो, जत्रेतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग, वाळवी लागलेल्या पोर्तुगीजकालीन कागदांचं स्कॅन पुन्हा मिळत नाही. हा दुसरा ढीग बहुतेक घरांत वाटतो त्याहून लहान निघतो. एकूण डेटाच्या दुप्पट क्षमतेची डिस्क घ्या. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

२. साधनाची निवड

या कामासाठी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घेऊ नका. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज नसताना तो भार हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या मानक संस्थेचा निकष असा आहे की, लेखनाची ठरलेली मर्यादा संपलेली एसएसडी ३० अंश सेल्सियसला विजेशिवाय १ वर्ष डेटा राखू शकली पाहिजे. नवी एसएसडी याहून बराच काळ टिकते, पण उष्णता वाढली की हा काळ घटतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीतलं कपाट ३० अंशांच्या वर सहज जातं. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डात बऱ्याचदा याहून हलक्या प्रतीच्या चिप असतात. ती फायली इकडून तिकडे नेण्यापुरतीच वापरा.

मोठ्या ढिगासाठी आत तबकडी फिरणारी साधी हार्ड डिस्कच योग्य. तिच्यात माहिती चुंबकीय रूपात असते, त्यामुळे वीज नसल्याने ती पुसली जात नाही. एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्या. अनेक छोट्या पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्या सर्किटवरच डाखलेलं असतं. खाऱ्या हवेने ते गंजलं की आत डेटा शाबूत असूनही हाती लागत नाही. त्यापेक्षा ३.५ इंची साटा जोडणीची डिस्क आणि ती संगणकाला जोडणारा वेगळा डॉक घ्या. डॉक बिघडला तर दुसरा आणता येतो. एसएमआर प्रकारची (माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) डिस्क पुन्हा पुन्हा लिहिताना मंदावते, पण वर्षातून दोनदा वापरायच्या प्रतीसाठी चालते.

लहान, अमोल ढिगासाठी ब्लू-रे डिस्क घ्या. २५ जीबीची एम-डिस्क किंवा एचटीएल प्रकारची बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे) निवडा, कारण त्यांचा लेखनथर असेंद्रिय असतो. एलटीएच बीडी-आर, सीडी-आर आणि डीव्हीडी-आर यांत सेंद्रिय रंगद्रव्य असतं, ते ऊन आणि दमटपणाने खराब होतं. लिहिणारा ड्राइव्हही जपून ठेवा.

३. नवी डिस्क पारखून घ्या

डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (संशयित जागा) यांचे मूळ (रॉ) आकडे शून्य आहेत का ते पाहा. शून्य नसतील तर त्याच आठवड्यात परत करा. मग विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे डिस्कची प्रत्येक जागा एकदा लिहिली जाते. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर २ टीबीला साधारण साडेपाच तास लागतात. यूएसबी २ च्या तोंडाला जोडलीत तर पंधरा तासही जातील. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर संध्याकाळी गडगडाट होतो, ते तास टाळा. डॉकला इन्व्हर्टरची वीज द्या. मध्येच वीज गेली तर अर्धवट लिहिलेल्या फायली बिघडतात.

४. कॉपी आणि पडताळणी

टेराकॉपीसारख्या कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरने ‘व्हेरिफाय’ चालू ठेवून कॉपी करा. प्रत्येक फायलीचा एसएचए-२५६ चेकसम (फायलीतल्या मजकुरावरून निघणारा तिचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून यादी डिस्कवरच ठेवा. पुढे एखादा फोटो गुपचूप बिघडला तर तो याच यादीवरून सापडेल. डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवणार असाल तर विंडोजचं बिटलॉकर हे कुलूप लावा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळी ठेवा.

५. ठेवणीची जागा

डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ५ लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. नारिंगी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास सुकवा. तांदूळ घालू नका. त्यात स्वतःचा ओलावा असतो, वर भुकटी बसते. एसीच्या खोलीतून बाहेर आणलेली डिस्क पिशवीतच दोन-तीन तास राहू द्या. थंड सर्किटवर दव धरतं आणि तशीच वीज दिली तर शॉर्ट होतं.

कळंगुट किंवा कोलव्याला राहत असाल तर ही प्रत फोंड्याच्या किंवा साखळीच्या नातेवाइकांकडे ठेवणं उत्तम, कारण समुद्रापासून आत हवेतला खारटपणा कमी होतो.

६. वर्षातून दोनदा जागवा

मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरता तेव्हा एकदा आणि दिवाळीत एकदा डिस्क बाहेर काढा. नवा डेटा घाला, चेकसम तपासा, क्रिस्टलडिस्कइन्फोमधले स्मार्टचे, म्हणजे डिस्कच्या प्रकृतीचे, आकडे पाहा. पेंडिंग सेक्टर शून्यावरून सरकले की डिस्क बदला. काहीही बिघाड दिसला नाही तरी पाच वर्षांनी नवी आणा, आणि नव्या डिस्कवरचे सगळे चेकसम जुळेपर्यंत जुनी पुसू नका.