न्यूरॉनच्या धड्यात गुण कुठे गळतात? या चुका टाळा

लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करणाऱ्या पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी चेतापेशीचे (न्यूरॉनचे) भाग सांगता येतात. विश्रांतीचा विभव (शांत पेशीच्या आतबाहेरचा विजेच्या दाबाचा फरक) उणे ७० मिलिव्होल्ट, पटलातला म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातला पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, सगळं तोंडपाठ. तरी सराव परीक्षेत याच धड्यावर चाराचे उणे एक होतात. पेपर चाळले की कारण लगेच दिसतं. आकडा बरोबर असतो, पण तो आयन कुठून कुठे चालला आहे आणि पेशीच्या कोणत्या टोकाला, हे डोळ्यांसमोर नसतं. खालच्या बहुतेक चुका तिथूनच उगवतात.

लाइटची वायर डोक्यातून काढा

ॲक्सॉन (चेतापेशीचा लांब तंतू) म्हणजे लाइटची वायर, ही समजूत शाळेतच बसते आणि बारावीपर्यंत निघत नाही. वायरीत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीने सरकतात. ॲक्सॉनमध्ये आवेगासाठी, म्हणजे तंतूतून जाणाऱ्या संदेशासाठी, लागणारे आयन पटलाला आडवे पार करतात: सोडियम बाहेरून आत, पोटॅशियम आतून बाहेर. एका जागी सोडियम आत आलं की शेजारच्या पटलाचा विभव साधारण उणे ५५ पर्यंत चढतो, तिथले सोडियम चॅनेल (पटलातली सोडियमची दारं) उघडतात, मग त्याच्या पुढचे. आवेग मागे फिरत नाही, कारण नुकतेच उघडून गेलेले चॅनेल काही क्षण निष्क्रिय असतात.

वेगाच्या प्रश्नातही ही वायर आडवी येते. मायलिन (तंतूभोवतीचं आवरण) असलेल्या जाड तंतूंत वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो, मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत ०.५ ते २ मीटर. दुसरा आकडा माणसाच्या चालण्याच्या वेगाइतकाच आहे. विजेचा वेग समजून सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पर्यायावर गोल करणारी पोरं दरवर्षी भेटतात.

पंपाला नको ते श्रेय

सगळ्यात जास्त गुण खाणारी चूक हीच. सोडियम आत आलं, विभव अधिक ३० च्या पुढे गेला; आता तो परत खाली कोण आणतं? दहातली निम्मी पोरं बिनधास्त 'सोडियम-पोटॅशियम पंप' लिहितात. उत्तर चूक. विभव खाली येतो तो पोटॅशियमचे चॅनेल उघडून पोटॅशियम बाहेर पडल्यामुळे, आणि तोवर सोडियमचे चॅनेल बंद झालेले असतात.

मग पंप करतो काय? दोन्ही बाजूंचा फरक टिकवून धरतो. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर फक्त ५ च्या आसपास, सोडियमचं उलटं. हा फरक नसेल तर चॅनेल उघडूनही काही हलणार नाही. पण एका आवेगात आतबाहेर होणारे आयन इतके थोडे असतात की जाड ॲक्सॉनमधली एकूण संहती जवळपास जशीच्या तशी राहते. हॉजकिन आणि कीन्स या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात सागरी प्राण्याच्या जाड ॲक्सॉनमधला पंप विषाने बंद पाडला, तरी ॲक्सॉन आवेग देतच राहिला. पंपानेच विभव खाली आणला असता तर पहिल्याच आवेगाला गाडी अडली असती.

यावर उपाय साधा आहे. विभवाच्या चढउताराचा आलेख वहीत मोठा काढा आणि प्रत्येक चढउतारावर चॅनेलचं नाव लिहा. चढत्या रेघेवर सोडियम आत, उतरत्या रेघेवर पोटॅशियम बाहेर. रेघ उणे ७० च्याही खाली बुडते तिथे 'पोटॅशियमचे चॅनेल उशिरा बंद' असं लिहा. पंपाचं नाव यातल्या एकाही ठिकाणी येऊ देऊ नका. ते आलेखाच्या खाली, लांबलचक आडव्या रेघेवर लिहा, कारण तो कायम चालूच असतो.

जोरात टोचलं म्हणून आवेग मोठा होत नाही

बाभळीचा काटा पायात जरा रुतला काय आणि आरपार गेला काय, एका तंतूतल्या एका आवेगाची उंची तीच राहते. बदलतात दोन गोष्टी: सेकंदाला किती आवेग निघतात, आणि किती तंतू कामाला लागतात. परीक्षेत 'उंची वाढते' हा पर्याय हमखास ठेवलेला असतो.

मायलिनबद्दल फार लांबण लावत नाही. २०१७ च्या नीटमध्ये मायलिन कोण बनवतं हे विचारलं होतं. मेंदू आणि मज्जारज्जूत ऑलिगोडेन्ड्रोसाइट, बाहेरच्या चेतांत श्वान पेशी. खरा सापळा पुढे आहे. बाहेरच्या चेतांतल्या मायलिन नसलेल्या तंतूंभोवतीही श्वान पेशी असतेच, फक्त ती वेटोळी घालून आवरण तयार करत नाही. आणि 'आवेग उडी मारतो' याचा अर्थ आयन उडी मारतात असा घेऊ नका. सोडियमचे चॅनेल रॅनव्हियरच्या नोडवर (मायलिनमधल्या उघड्या जागांवर) दाटीने असतात, म्हणून आवेग दर नोडला नव्याने उभा राहतो.

सिनॅप्स: इथे थोडं थांबा

सिनॅप्स म्हणजे दोन पेशींचा सांधा; तिथली फट २० ते ४० नॅनोमीटरची. 'न्यूरोट्रान्समीटर पुढच्या पेशीत शिरतो' असं सर्रास लिहिलं जातं. तो, म्हणजे संदेश नेणारं रसायन, आत शिरत नाही, पुढच्या पेशीच्या पटलावरल्या रिसेप्टरला (त्याच्या ठरलेल्या जागेला) बसतो, आणि मग आयन आत जातात. रिसेप्टर कुठे असतात, हाही प्रश्न २०१७ मध्येच आला होता. दुसरी गल्लत अशी की या रसायनाच्या पिशव्या फोडायला सोडियम लागतं असं वाटतं. ते काम ॲक्सॉनच्या टोकात शिरणाऱ्या कॅल्शियमचं.

तिसरी गल्लत जरा खोल आहे: असिटिलकोलीन (असाच एक न्यूरोट्रान्समीटर) म्हणजे उत्तेजक, अशी चिठ्ठी चिकटवून मोकळं होणं. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली. हृदय मंदावलं. त्याभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावलं. त्या द्रवातलं रसायन हेच असिटिलकोलीन. हातापायाच्या स्नायूला ते आकुंचन पावायला लावतं आणि हृदयाला हळू करतं. रसायन एकच, रिसेप्टर वेगळे. म्हणून प्रश्नात कोणता अवयव आहे ते आधी बघा.

हे सगळं नुसतं घोकण्यापेक्षा आपल्या शिवारातल्या गोष्टींवर बसवून बघा. कपाशीवरच्या कितीतरी फवारण्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या असतात. तोंडाला फडकं न बांधता, वाऱ्याच्या तोंडावर फवारलं आणि औषध अंगात गेलं, तर ते असिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला बंद पाडतं. असिटिलकोलीन फटीत साचत जातं. लाळ, घाम, डोळ्याला पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडतात आणि मग गळून जातात. दवाखान्यात ॲट्रोपिन देतात. त्याने लाळ थांबते, छातीतला चिकटा कमी होतो, पण स्नायूंची ताकद परत येत नाही. असिटिलकोलीनच्या रिसेप्टरच्या दोन जातींपैकी ॲट्रोपिन फक्त मस्करिनिक अडवतं, आणि हातापायाच्या स्नायूंवर असतात ते निकोटिनिक. एवढ्या एका गोष्टीत अर्धा धडा बसला.

साप घ्या. नागाचं चेताविष मुख्यतः पुढच्या बाजूच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. असिटिलकोलीन सुटतं, पण त्याला जागा मिळत नाही. अशा वेळी प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन देतात, म्हणजे असिटिलकोलीन वाढवून जागेसाठी चढाओढ लावतात. पावसाळ्यात रात्री खाली झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा तिचं विष ॲक्सॉनच्या टोकाचंच नुकसान करतं. मग निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही, झालेलं नुकसान प्रतिविषानेही परतत नाही, आणि टोकं पुन्हा तयार होईपर्यंत रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागू शकतं. पापण्या जड होणं हे दोघांतही दिसतं, बिघाडाची जागा मात्र फटीच्या दोन बाजूंना. (प्रत्यक्षात साप चावला तर कुठला ते ओळखत बसू नका. दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका, हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठा.)

दात काढताना जागा बधिर करायला दिलेलं लिग्नोकेन मात्र सिनॅप्सवर काम करत नाही. ते ॲक्सॉनवरचे सोडियम चॅनेल अडवतं. पोरं ते सिनॅप्सच्या यादीत घालतात.

आकृती काढताना

चेता म्हणजे चेतापेशी नव्हे. पुष्कळ ॲक्सॉन एकत्र बांधलेली जुडी म्हणजे चेता. पायाच्या अंगठ्याच्या स्नायूपर्यंत जाणारा ॲक्सॉन एक मीटरच्या आसपास लांब असू शकतो आणि त्याची पेशीकाया (पेशीचा केंद्रक असलेला भाग) मज्जारज्जूत राहते. अंगठ्यात तिला शोधू नका.

बाण डेन्ड्राइटकडून (पेशीच्या आखूड फांद्यांकडून) पेशीकायेकडे आणि तिथून ॲक्सॉनच्या टोकाकडे काढा. त्वचेकडून येणाऱ्या संवेदी पेशीची आकृती आली तर तिची पेशीकाया मज्जारज्जूच्या बाहेर, पृष्ठमूल गुच्छिकेत (मज्जारज्जूलगतच्या पेशीकायांच्या गाठीत), एका फांदीवर बाजूला लटकलेली दाखवा. बाण त्वचेकडून थेट मज्जारज्जूकडे जाईल. ही पेशी नेहमीच्या साच्यात कोंबायला गेलात की बाण हमखास उलटा पडतो.