हायफनची यादी मागू नका

इंग्रजी कॉपीएडिटिंगला, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासून सुधारण्याच्या कामाला, नवी आलेली मुलं हमखास विचारतात, "हायफन लागणाऱ्या शब्दांची यादी मिळेल का?" असती, तरी टिकली नसती. २००७ साली 'शॉर्टर ऑक्सफर्ड' शब्दकोशाच्या सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले. 'आइस-क्रीम'चे दोन सुटे शब्द झाले, 'बम्बल-बी' जोडून एकच शब्द झाला. २०११ मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने 'ई-मेल'मधलाही हायफन काढला.

म्हणून मी शब्दाआधी त्याची वाक्यातली जागा बघते. 'अ वेल-नोन रायटर' यात तो नामाच्या आधी आलाय, हायफन हवा. 'द रायटर इज वेल नोन' यात नको. सगळा खटाटोप वाचणारा अडखळू नये म्हणून. 'स्मॉल बिझनेस ओनर' म्हणजे छोट्या धंद्याचा मालक की ठेंगणा मालक? 'स्मॉल' आणि 'बिझनेस' यांच्यात हायफन टाकला की प्रश्न मिटतो. 'हाय स्कूल स्टुडंट' वाचताना मात्र कुणाचाच गोंधळ होत नाही, तिथे उगाच हट्ट धरू नका.

'हायली पेड'सारख्या 'ली'वाल्या क्रियाविशेषणांनंतर हायफन नाही, कारण ती पुढच्या शब्दाला चिकटणार हे उघडच असतं. पण 'फ्रेंडली' हे विशेषण आहे, त्यामुळे 'फ्रेंडली-लुकिंग डॉग'ला हायफन लागतो. इथे भलेभले चकतात.

ऑफिसच्या मेलमध्ये 'प्लीज फॉलो-अप' सर्रास दिसतं. क्रियापद असेल तर 'फॉलो अप' सुटं लिहायचं. हायफन फक्त नामाला आणि विशेषणाला.

आणि एक जागा खरोखर धोक्याची. फुटबॉलपटू 'री-साइन्ड' म्हणजे त्याने क्लबशी पुन्हा करार केला. हायफन गळला की 'रिझाइन्ड', म्हणजे क्लब सोडला! स्पेलचेकला दोन्ही चालतात.

बाकीच्या शंकांसाठी क्लायंटने सांगितलेला शब्दकोश उघडा. शिकागो मॅन्युअल या इंग्रजी लेखन-संपादनाच्या नियमपुस्तकात हायफनचा लांबलचक तक्ता आहे, तो हाताशी असू द्या. 'को-ऑपरेट' ब्रिटिश मजकुरात अजून भेटतो, अमेरिकन मजकुरात सहसा नाही. जे ठरेल ते लगेच स्टाइलशीटमध्ये, म्हणजे त्या पुस्तकापुरत्या घेतलेल्या निर्णयांच्या यादीत, नोंदवा, नाहीतर पाचव्या प्रकरणात तोच शब्द वेगळा होऊन येतो. 'रिप्लेस ऑल' मात्र कधीच दाबू नका. अवतरणांतले आणि संदर्भयादीतल्या पुस्तकांच्या नावांतले हायफन मूळ लेखकाचे असतात, ते आपण बदलायचे नसतात.