हायड्रोजेल आणि युरिया एकत्र कसे वापरावेत

हायड्रोजेल म्हणजे पाणी शोषून फुगणारे आणि ते हळूहळू सोडणारे दाणे. त्यासोबत नत्र दिले की ते महिनोन्‌महिने मुळांशी थांबेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. युरिया जेलला चिकटत नाही, तो जेलमधल्या पाण्यात नुसता विरघळलेला असतो. पाण्याबरोबर तोही हळूहळू बाहेर येतो. तरीही ही जोडी उपयोगाची आहे, कारण पहिल्याच मोठ्या पाण्याबरोबर नत्र मुळांखाली वाहून जाण्याचे प्रमाण कमी होते. मात्र त्यासाठी जेल नेमके मुळांच्या पट्ट्यातच पडायला हवे.

साधा हिशेब करून पाहा. हेक्टरी 10 किलो जेल शंभरपट फुगले, तर 1,000 लिटर पाणी धरते. हेक्टरभर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. म्हणजे शेतभर फोकून टाकलेले जेल जवळजवळ वायाच जाते. शिवाय पृष्ठभागावर राहिलेले जेल उन्हाने लवकर खराब होते. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत आणि कुंड्यांमध्ये त्याचा फायदा सर्वात जास्त दिसतो. भारी काळ्या जमिनीत फारशी अपेक्षा ठेवू नये.

जेल आणि खताची निवड

पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे 1 ते 3 मिलिमीटरचे दाणे घ्या. डायपरमधले जेल सोडियमचे असते, ते मातीत टाकू नका. सोडियमने मातीची घडण बिघडते.

खत म्हणून युरियाच घ्या. जेल फुगते ते आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातल्या क्षारांच्या फरकामुळे. अमोनियम सल्फेटसारखे क्षाररूप खत पाण्यात पडले की हा फरक कमी होतो आणि जेल निम्म्याहूनही कमी फुगू शकते. युरियाचे आयन (विद्युतभार असलेले कण) होत नाहीत, म्हणून फुगण्यावर त्याचा परिणाम नगण्य. कॅल्शियम नायट्रेट सर्वात वाईट: कॅल्शियम जेलच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतो आणि नंतर चांगले पाणी दिले तरी जेल पूर्ववत फुगत नाही. शिवाय साखळ्यांवर ऋण भार असल्याने नायट्रेट तिथे धरलाच जात नाही. युरियापासून मातीत तयार होणारा अमोनियम मात्र काही प्रमाणात धरला जातो.

आधी पाणी तपासा

ही पायरी गाळू नका. 2 ग्रॅम जेल 1 लिटर पाण्यात दोन तास ठेवा. पाणी तेच घ्या, जे पिकाला देणार आहात. मग ओल्या फडक्यातून गाळून, पाणी निथळल्यावर जेलचे वजन करा. 200 ग्रॅम भरले, तर जेल शंभरपट फुगले. पावसाच्या पाण्यात ते याच्या दुपटीहून जास्तही फुगेल. बोअरच्या जड पाण्यात पन्नासपटीवर अडकू शकते. दुसऱ्या भांड्यात तेच पाणी घेऊन 3 ग्रॅम युरिया विरघळवा आणि तसेच वजन करा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. पन्नासपटीहून कमी फुगत असेल, तर पहिल्यांदा फुगवण्यासाठी पावसाचे पाणी वापरा. पुढची पाणी-पाळी जड पाण्याचीच असेल, तर जेलची क्षमता हळूहळू घटत जाणार हे गृहीत धरा.

पुढची प्रमाणे शंभरपट फुगण्यावर बेतली आहेत. तुमचा आकडा वेगळा असेल, तर पाणी त्या हिशेबाने बदला.

कुंडीसाठी

10 लिटर मातीला 10 ग्रॅम जेल, 1 लिटर पाणी आणि 3 ग्रॅम युरिया. आधी युरिया पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग ढवळत ढवळत जेल सोडा. दोन तासांत दाणे फुगून मऊ, पारदर्शक खडे होतात. एक खडा बोटांत दाबून पाहा. मध्ये टणक गाभा लागला, तर आणखी अर्धा तास थांबा. मग कुंडीच्या खालच्या दोन-तृतीयांश मातीत मिसळा आणि वर नुसत्या मातीचा थर द्या. कोरडे जेल मातीत मिसळून वरून पाणी घातले, तर माती फुगून वर येते आणि रोप उचलले जाते. प्रमाण तिपटीवर नेले, तर मुळांना हवा मिळत नाही.

खड्ड्यासाठी

रोप लावायच्या एका खड्ड्याला 30 ग्रॅम जेल, 3 लिटर पाणी, 15 ग्रॅम युरिया. इथे द्रावण तीव्र आहे, म्हणून जेल मुळांपासून किमान 5 सेंटिमीटर दूर, कड्यासारखे भरा.

सरीतल्या पिकासाठी

इथे कोरडी पद्धत बरी. 60 सेंटिमीटर अंतराच्या सरीत दर 10 मीटरला 15 ग्रॅम जेल आणि 40 ग्रॅम युरिया लागतो. म्हणजे हेक्टरी सुमारे 25 किलो जेल आणि 30 किलो नत्र. दोन्ही अर्धा किलो कोरड्या वाळूत मिसळा, म्हणजे सारखे पडेल. मिश्रण टाकायच्या वेळीच करा. युरिया हवेतला ओलावा ओढतो, जेलही ओढते आणि तासाभरात गोळे होतात. बियाण्याच्या बाजूला 5 आणि खाली 5 सेंटिमीटर अंतर ठेवून पट्टा टाका, लगेच मातीने झाका. उघडा राहिलेला युरिया काही दिवसांतच अमोनिया होऊन उडू लागतो. पहिले पाणी भरपूर द्या. हलक्या शिडकाव्याने जेल अर्धवट फुगते आणि बियाण्यापर्यंत ओल पोचत नाही.

बिघडते कुठे

भरलेल्या जेलला झोंबणारा वास आला, तर युरियाचे विघटन सुरू झाले आहे. ते मुळांजवळ नेऊ नका. म्हणून तयार जेल त्याच दिवशी संपवा. चुना किंवा राख त्याच जागी टाकू नका, त्याने अमोनिया आणखी वेगाने उडतो. रोपाची पानांची कड करपली, तर खत जास्त झाले. माती साध्या पाण्याने दोनदा धुऊन काढा.

नत्राचे पुढचे हप्ते बंद करता येत नाहीत. माती कोरडी होत आली की जेल आकसलेले असते. त्याच वेळी लिटरला 2 ग्रॅम युरियाचे पाणी मुळाशी द्या, जेल ते आत घेते. ओल असताना दिले, तर बरेचसे तसेच खाली निघून जाते.

दाणे हाताळताना बारीक भुकटी उडते, तोंडाला फडके बांधा. उरलेले जेल मोरीत टाकू नका, नळी तुंबते. सावलीत वाळवून पुढच्या कुंडीसाठी ठेवा. त्यात वाळलेला युरिया असतो, तेव्हा पुढच्या वेळी खत तेवढे कमी घाला.