अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदाराची साक्ष व्हीसीवर घेताना

साक्षीदार कोर्टात येऊ शकत नसेल तर त्याची साक्ष व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, नोंदवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या खटल्यात २००३ सालीच स्पष्ट केलं. न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला की उरतो तो साक्षीदाराच्या खोलीचा प्रश्न. आवाज नीट पोचतो का, आणि बाजूला उभं राहून कुणी उत्तर सुचवत नाही ना? उलटतपासणी अडते ती याच दोन मुद्द्यांवर. भारी कॅमेऱ्यावर पैसे घालवू नका, ७२०पी चित्र पुरतं.

सोबत न्यायचं सामान : लॅपटॉप, वेबकॅम, स्पीकरफोन (माइक आणि स्पीकर एकत्र असलेलं उपकरण), ट्रायपॉडवर लावलेला फोन, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, राऊटर आणि त्याचा मिनी यूपीएस, प्रिंटर-स्कॅनर.

आदल्या दिवशी त्याच खोलीत, साक्षीच्याच वेळेला अपलोडचा वेग मोजा. ७२०पीला साधारण १.२ एमबीपीएस लागतो, ३ मिळाला तर निर्धास्त. तासाला १ जीबीच्या आसपास डेटा जातो, दुसरा फोन जोडला की आणखी. रोज २ जीबीचं रिचार्ज असेल तर दुपारी कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि सगळे टॉवरला शिव्या घालतात. जादा डेटाचं रिचार्ज आधीच मारा.

स्पीकरफोन साक्षीदारापासून हातभर अंतरावर, गादीवर नव्हे तर स्टुलावर ठेवा. पंखा बंद करा किंवा अगदी मंद ठेवा. म्हाताऱ्या माणसाचा क्षीण आवाज गोंगाट समजून सॉफ्टवेअर गिळून टाकतं, म्हणून नॉइज सप्रेशन कमीत कमी करा. ऐकू कमी येतं म्हणून हेडफोन देऊ नका. त्यात कोण काय सांगतंय हे समोरच्या वकिलाला कळत नाही, हरकत येणारच. आवाज मोठा करा, खोलीभर ऐकू येऊ दे.

वेबकॅम डोळ्यांच्या पातळीवर हवा, चेहऱ्यासोबत दोन्ही हातही दिसले पाहिजेत. खिडकी पाठीमागे नको. ट्रायपॉडवरच्या फोनमधून दार आणि पूर्ण खोली दाखवा. हा फोन ऑडिओ न जोडताच मीटिंगमध्ये घ्या, नाहीतर आवाज घुमून कान किटतील. घरच्यांना बाहेर बसवा. औषधपाण्यासाठी कुणी लागणारच असेल तर त्याचं नाव आधी कोर्टाला सांगा.

निशाणी पडलेल्या, म्हणजे कोर्टाने पुरावा म्हणून क्रमांक दिलेल्या, कागदांच्या प्रती सीलबंद पाकिटात आधी पोचवा, पाकीट कॅमेऱ्यासमोरच फोडा. समन्वयकाने, म्हणजे साक्षीदाराकडे बसून व्हीसी सांभाळणाऱ्याने, ३० मिनिटं आधी जोडणी तपासावी, ओळखपत्र हाताशी ठेवावं. वकिलांचा हरकतीवर वाद सुरू झाला की साक्षीदाराकडचा स्पीकर बंद करण्याची परवानगी मागा. कोर्टात अशा वेळी त्याला बाहेर पाठवता येतं, इथे नाही.

लाइन तुटली तर कोण कुणाला फोन करणार, हे आधीच ठरवा. पुन्हा जोडल्यावर शेवटचं उत्तर वाचून दाखवायला सांगा, अर्धवट राहिलेला प्रश्न पहिल्यापासून विचारला जाऊ दे, आणि तुटल्याची वेळ रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) येईल असं पाहा. कोर्टाच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करू नका.

साक्ष संपल्यावर ईमेलने आलेल्या जबाबाची प्रिंट साक्षीदाराला वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्या. स्कॅन लगेच पाठवा, मूळ कागद शक्यतो तीन दिवसांत स्पीड पोस्टाने. प्रिंटर न्यायचा तो यासाठीच.