माळ्यावरचा टीव्ही गेम खाली काढताय? या चुका टाळा

गणपतीत घर भरलेलं असतं, पोरं पावसामुळे आत कोंडलेली असतात आणि कुणाला तरी माळ्यावरचं खोकं आठवतं. धूळ झटकली जाते न जाते तोच अडॅप्टर सॉकेटमध्ये! पहिली चूक हीच, आणि बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटी जन्मलेल्या.

आपल्याकडची ओल नुसती ओल नाही, खारी आहे. किनाऱ्यावरच्या हवेतलं मीठ सर्किट बोर्डावर दिसणारही नाही इतकं पातळ बसतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं. जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच हे. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. म्हणून मे महिन्यात नीट चालणारा गेम श्रावणात, बटण न दाबताच, उड्या मारायला लागतो. भुताटकी नव्हे, जॉयस्टिक उघडून रबराखालच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांचीच. फुंकरीने आत जाते ती थुंकीची वाफ. फरक पडायचा तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. पिनांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग अल्कोहोलचा बोळा. पॉलिश पेपर मात्र नको, वरचा मुलामा निघून जातो. (एवढं करून ‘९९९९ इन १’मध्ये निघणार मोजून सात-आठच गेम, ते वेगळं!)

कॉम्प्युटरचं दुखणं याहून खोल. आमचा ३८६, म्हणजे जुन्या पिढीचा कॉम्प्युटर, मी चार पावसाळे विसरलो होतो. उघडला तर मदरबोर्डच्या कोपऱ्यात निळसर-हिरवी साय. बुरशी समजून ओल्या टूथब्रशने घासली आणि ती सगळीकडे पसरवली. ती बुरशी नव्हतीच. घड्याळासाठी बसवलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून अल्कली बाहेर आली होती. तिला उतारा सौम्य आम्लाचा: आधी बॅटरी कापून काढा, मग पांढरं व्हिनेगर, त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर, शेवटी अल्कोहोल. आई म्हणाली, “आगळ आसा ना घरात!” आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आंबट खरं, पण त्यात मीठ असतं, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. कीबोर्डची चिप बॅटरीच्या शेजारीच असल्यामुळे आमचं मशीन आज चालू होतं, मेमरी मोजतं, पण एक अक्षर उमटेल तर शपथ.

बुरशी खरोखर लागते ती फ्लॉपीला. झडप सरकवून बघा, चकतीवर पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचं हेड बरबटतं आणि मग चांगल्या फ्लॉपीही ओरखडतात.

काका बोटीवर होते, त्यांनी जपानहून खेळ आणला, अशी घरं इथे बरीच. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. तो अडॅप्टर सरळ लावलात तर धूरच. बदली अडॅप्टर घेतानाही खाचेत बसला म्हणून लावू नका. १९८३च्या मूळ फॅमिकॉमला (निन्टेन्डोचा जपानी टीव्ही गेम) पिनेचं आतलं टोक ऋण लागतं, तर राउटरच्या अडॅप्टरचं बहुधा धन असतं. जुनं काहीही पहिल्यांदा लावताना इलेक्ट्रिशियनकडचा सिरीज बोर्ड मागा, त्यात वीज आधी एका बल्बमधून जाते. त्यावरचा बल्ब भगभगून पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

टीव्ही गेमबरोबरची बदकं मारायची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही, तिला खोलत बसू नका. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक तो उजेड ठरल्या क्षणी शोधते. एलसीडीवर चित्र उशिरा येतं, तोवर वेळ टळलेली असते. त्यासाठी डबा टीव्हीच हवा. तो पावसाळी रात्री चटचट वाजला, मागे जांभळी ठिणगी दिसली, तर लांबूनच स्विच बंद करा आणि मागचं झाकण काढू नका. रंगीत ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत.