परसबाग करायची तर एक ऋतू पुढे राहा

गावात राहायला आलेली माणसं परसबागेबद्दल पहिला प्रश्न हमखास विचारतात, "आत्ता काय लावू?" आत्ता जे लावायचं त्याची तयारी मागच्या ऋतूतच व्हायला हवी होती, हे उत्तर कुणालाच आवडत नाही. पण बागेचं काम असंच चालतं. उन्हाळ्यात पावसाळ्याचे वाफे, पावसाच्या शेवटी थंडीच्या भाज्यांची रोपं आणि थंडी सरता सरता उन्हाळ्यासाठी आच्छादनाचा साठा. हे एकदा अंगवळणी पडलं की धावपळ निम्म्यावर येते.

उन्हाळ्यात बाग बकाल दिसते आणि नवा माणूस खचतो. खचू नका, हा मातीचा हंगाम आहे. रिकामा वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून 4 ते 6 आठवडे ठेवलं, तर कडक उन्हात वरच्या थरातलं तणाचं बी आणि बरीचशी रोगकारक बुरशी मरते. खताचा ढीगही आत्ताच लावा. तो लांबी, रुंदी, उंचीला निदान एकेक मीटर हवा. त्याहून लहान ढीग तापतच नाही. सुका पाला दोन-तीन पाट्या आणि हिरवा ओला कचरा एक पाटी, असे थर दिले आणि ओल टिकवली की आतलं तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत चढतं. घाण वास आला तर ओलं जास्त झालंय, सुकं घाला आणि ढीग उलथवा. कुंपणही याच दिवसांत उरकून घ्या. आधी कुंपण, मग बी. मोकाट जनावर एका रात्रीत वाफा साफ करतं आणि भांडायला कुणी सापडत नाही.

पहिला चांगला पाऊस झाला की हात शिवशिवतात. इथेच थांबायचं असतं. चिखलात कुदळ चालवली तर मातीची ढेकळं वाळून विटेसारखी होतात आणि पुढचे कित्येक महिने मुळं त्यांना डोकं आपटत बसतात. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, येऊ द्या. तो बघायला यंत्र लागत नाही. बोटभर खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबायची. पाणी सुटलं किंवा गोळा चिकटला तर अजून थांबा. गोळा झाला पण अंगठ्याने टिचकी मारताच फुटला, तर कामाला लागा. गोळाच होत नसेल तर उशीर झालाय, हलकं पाणी देऊन दुसऱ्या दिवशी बघा. भारी काळ्या मातीत वाफशाचे दिवस थोडे मिळतात, हलक्या मुरमाड मातीत जास्त. आपल्या मातीला पावसानंतर किती दिवस लागतात, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुठल्याही पंचांगापेक्षा तो आकडा कामाला येतो.

पावसाळ्यात गादीवाफे करा, 15 ते 20 सेंटिमीटर उंच. पायवाट ठरवून घ्या आणि वाफ्यावर पाय ठेवूच नका. बी फार खोल पेरायचं नाही, बियाच्या जाडीच्या दोन-तीनपट पुरे. रोपं बुडाशी काळपट, बारीक होऊन आडवी पडायला लागली तर तो मर रोग आहे. औषध शोधत बसण्यापेक्षा पाणी कमी करा आणि दाटी विरळ करा. तण मात्र फुलोऱ्यावर येण्याआधी काढायचंच. तण बोटाएवढं असताना खुरपणी म्हणजे अर्ध्या तासाचं काम, गुडघ्याएवढं झालं की अख्खा दिवस गेला.

काकडी-दोडक्याचा वेल मांडवावर चढला की आणखी एक घाबरगुंडी ठरलेली. फुलं येतात आणि गळून जातात. सुरुवातीची फुलं बहुधा नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बारीकसं फळ दिसतं. ते पिवळं पडून गळत असेल तर मधमाश्या कमी आहेत असं समजा आणि फूल उमललेलं असताना नर फुलाचा पराग हाताने मादीला लावा. एरवी वेलाला नावं ठेवू नका. महिन्याभरात शेजारी तुम्हाला बघून रस्ता बदलतील, इतक्या काकड्या होतात.

थंडीबद्दल फार सांगायला नको, ती सगळ्यांनाच जमते. पालक, मेथी, कोथिंबीर, मटार, मुळा, गाजर. पालेभाज्या हप्त्याहप्त्याने पेरा, सगळं एकदम नको. ऊन वाढलं आणि दिवस मोठा होऊ लागला की पालक-कोथिंबीर फुलोऱ्यावर जाते, तेव्हा खत घालून उपयोग नसतो. कांद्याचा गड्डा तर दिवसाच्या लांबीवरच धरतो. म्हणून लांबच्या प्रदेशातल्या माणसाने प्रेमाने दिलेलं बी आपल्याकडे नुसती पात देऊ शकतं.

पाण्याचा अंदाज असा: एका चौरस मीटरला 25 लिटर पाणी म्हणजे 25 मिलिमीटर पाऊस. साधारण हवेत आठवड्याला एवढं पुरतं, कडक उन्हाळ्यात जास्त लागतं. दुपारी भोपळ्याची पानं माना टाकतात म्हणून लगेच पाइप घेऊन धावू नका. संध्याकाळी पानं ताठ झाली तर सगळं ठीक आहे. सकाळीच मरगळलेली दिसली तर मात्र पाणी हवंच. 5 ते 8 सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर पाण्याची पाळी लांबते. फक्त ते खोडाला चिकटवू नका.

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली मंडळी. त्यांना लागोपाठ त्याच वाफ्यात लावलं की मातीतले रोगही मुक्कामाला राहतात. मध्ये शेंगवर्गीय पीक घ्या. घेवड्याचं मूळ उपटून गाठ फोडली आणि आत गुलाबीसर दिसलं, तर हवेतलं नत्र धरून ठेवायचं काम चालू आहे.

बी धरायचं असेल तर संकरित वाणाचं धरू नका, पुढच्या पिढीत वाण फुटतो, म्हणजे रोपं आईसारखी निघत नाहीत. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचं बी सावलीत खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड जागी ठेवा आणि बरणीवर वर्ष लिहा. टोमॅटोचं बी असं चार वर्षं सहज चालतं. कांद्याचं मात्र दर वर्षी ताजं घ्या.