मसालेदार लव्हेंडर परफ्यूम लावताय? या चुका टाळा

लव्हेंडर म्हटलं की आपल्याकडं बहुतेकांना साबण आठवतो, नाहीतर टाल्कम पावडर. त्यामुळं लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी घातलेलं तगडं लव्हेंडर पहिल्यांदा अंगावर पडलं की माणूस गांगरतो. मी कोल्हापुरात राजारामपुरीत परफ्यूमच्या काउंटरवर असते. तक्रारी ठरलेल्या: औषधासारखा वास येतो, डोकं चढतं, टिकतच नाही. बाटलीला नावं ठेवण्याआधी मी तीनच गोष्टी विचारते. कुठं मारला, किती मारला, आणि मारल्यावर किती वेळ थांबलात? बहुतेक वेळा तिथंच बिघाड सापडतो.

पहिल्याच मिनिटाला निकाल देणं

हे मला रोज बघावं लागतं. रविवारी संध्याकाळी महाद्वार रोडची खरेदी उरकून लोक येतात, टेस्टर उचलतात, मनगटावर फवारा मारतात आणि तो ओला असतानाच नाक टेकवतात. "शी, कापूर!" म्हणून बाटली खाली. लगेच दुसरी, मग तिसरी, दोन्ही हात भरले की चौथी कोपराजवळ. पाच मिनिटांत सगळ्या वासांचा काला होतो आणि शेवटी जी बाटली दिसायला चांगली, ती घेऊन जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं. चार-पाच हजार रुपये मोजून माणूस खोका विकत घेतो, वास नाही.

ओल्या फवाऱ्यात तुम्हाला सगळ्यात आधी कळतं ते अल्कोहोल. त्यासोबत लव्हेंडरचे हलके घटक उडतात, त्यात लिनालूल मुख्य. कापराचा जो भपकारा येतो, त्यालाही कारण आहे. अस्सल लव्हेंडरच्या तेलात कापूर अगदी थोडा असतो. त्याची संकरित जात, लव्हँडिन, तेल भरपूर देते म्हणून स्वस्त पडते, आणि तिच्यात कापराचं प्रमाण बरंच जास्त असतं. पण तो भपकारा बसतो. पंधरा-वीस मिनिटांनी मसाला वर येतो आणि तासा-दोन तासांनी खालचा थर उघडतो: टोंका बीचा गोडसर कुमारीन, व्हॅनिला, हल्लीच्या बाटल्यांत ॲम्ब्रॉक्सन, म्हणजे अंबराच्या वासाचा कृत्रिम घटक. लव्हेंडर आणि कुमारीनची ही जोडी जुनी आहे. ऊबिगाँ या फ्रेंच घराण्यानं 1882 मध्ये 'फुजेर रोयाल' काढला, तेव्हापासून या कुळाला फुजेर म्हणतात. सलूनमध्ये दाढीनंतर गालावर जो ओळखीचा वास येतो, तो याच कुळातला. 1995 च्या 'ले माल' या परफ्यूममध्ये लव्हेंडरला पुदिना, वेलदोडा, दालचिनी आणि व्हॅनिला जोडलाय. तो पहिल्या मिनिटाला जसा लागतो, तसा तिसऱ्या तासाला अजिबात लागत नाही. मग पहिल्या मिनिटावर पैसे कशाला लावायचे?

माझी पद्धत सांगते. एका वेळी एकच परफ्यूम, एकच फवारा, कोपराच्या आतल्या बाजूला. मनगटावर नाही, कारण हात धुतले जातात, बाहीला घासतात. मग दुकानातून बाहेर पडायचं. रंकाळ्यावर जा, भेळ खा, चालून या, आणि नंतर हुंगा. तरीही आवडला तर दुसऱ्या दिवशी या. तेवढा धीर नसेल, तर हा प्रकार घेऊच नका, साधा लिंबाच्या वासाचा कोलोन घ्या. दोन हुंगण्यांच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, तेही मला पटत नाही. थकलेल्या नाकाला आणखी एक उग्र वास कशाला? स्वतःच्या धुतलेल्या बाहीत नाक घालून चार श्वास घ्या, बास.

आणि हो, घरी वर्षाची चटणी करायचा घाट चालू असेल त्या दिवशी परफ्यूम निवडायला येऊ नका. एप्रिलमध्ये बायका मसाला कुटायच्या डंकावरून थेट येतात. लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा दिवसभर नाकात बसलेला असतो. मग बाटलीतला मसाला त्यांना जाणवतच नाही, आणि त्या नको तितका जड परफ्यूम पसंत करून जातात.

वास येईना म्हणून पुन्हा मारणं

या एका चुकीवर मी वाटेल तेवढा वेळ बोलू शकते.

माझ्या भावाच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी नवरानवरीला घेऊन आम्ही जोतिबाला निघालो. मे महिना, गाडीत सहा माणसं, एसी लावून काचा बंद. गाडी धाकटा भाचा चालवत होता. लग्नात मीच त्याला एक लवंग-दालचिनीवालं लव्हेंडर दिलं होतं, ओ द परफ्यूम, चांगलं दणकट. सकाळी घरातून निघताना त्यानं ते मारलं. पेट्रोल पंपावर उतरला, तिथं मारलं. पुढं केर्ली सोडली तशी खिशातून बाटली काढून गाडीतच गळ्यावर पुन्हा दोनदा. मी म्हटलं, "अरे, काय करालाइस?" तर म्हणतो, "आत्या, वासच येईना झालाय की! डुप्लिकेट दिलीस काय?"

त्याला येत नव्हता. मागं बसलेल्या आम्हा पाच जणांना दुसरं काहीच येत नव्हतं. घाट सुरू झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर नव्या सुनेनं तोंडाला पदर लावला. गाडी थांबेपर्यंत तिला ओकारी झाली. सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी, सगळ्यांसमोर. बिचारी पुन्हा पुन्हा "सॉरी आत्या" म्हणत होती, आणि तिचा त्यात काडीचा दोष नव्हता.

मी चारी काचा उघडायला लावल्या. भाच्याचा शर्ट उतरवून डिकीत टाकला आणि नवरदेवाच्या बॅगेतला टी-शर्ट त्याला घालायला दिला. वहिनींच्या पिशवीत देवाला न्यायचं खोबरेल तेल होतं. ते थोडं त्याच्या गळ्याला चोळलं, रुमालानं पुसलं, मग पाणी आणि कागदी साबण. जास्त झालेला परफ्यूम नुसत्या पाण्यानं निघत नाही, आधी तेलानं सैल करून मग साबण लावावा लागतो. हे करूनही डोंगरावर पोचलो तेव्हा गुलाल आणि दवण्याच्या वासातनं तो मला ओळखू येत होता.

नाकाचा स्वभावच असा आहे. एकच वास सतत आला की थोड्या वेळात मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. वास जागेवरच असतो, तुमचं लक्ष उठलेलं असतं. ॲम्ब्रॉक्सन आणि कस्तुरीच्या जातीचे कृत्रिम घटक तर लावणाऱ्याला चटकन कळेनासे होतात, बाजूच्याला मात्र कळत राहतात. म्हणून शंका आली तर घरातल्या दुसऱ्याला विचारा, तेही जो बाहेरून नुकताच आत आलाय त्याला. तुमच्यासोबत तासभर बसलेल्याच्या नाकाचा काही उपयोग नाही.

फवारे किती? बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. ओ द टॉयलेटमध्ये साधारण 5 ते 15 टक्के सुगंधी द्रव्य असतं, ओ द परफ्यूममध्ये 15 ते 20, आणि परफ्यूम किंवा एक्स्ट्रेट म्हणून मिळतं त्यात त्याहून जास्त. मसालेदार लव्हेंडरला माझा हिशेब असा: ओ द टॉयलेट असेल तर तीन, ओ द परफ्यूम दोन, एक्स्ट्रेट एकच. मार्च ते मे यातला एक फवारा कमी. एक छातीवर, शर्टाच्या आत, दुसरा मानेच्या मागं. गळ्याला पुढून मारू नका, तो थेट तुमच्याच नाकात जातो आणि नाक आणखी लवकर थकतं. केएमटीच्या बसनं जायचं असेल, अंबाबाईच्या रांगेत उभं राहायचं असेल, किंवा दवाखान्यात कुणाला भेटायला जायचं असेल, तर त्या दिवशी लावूच नका. दम्याच्या माणसाला अशा वासाचा खरोखर त्रास होतो.

घामावर आणि कुबट कपड्यावर

शिरोलीहून कारखान्यातून सुटलेली पोरं तशीच घामावर फवारा मारून कार्यक्रमाला जातात. मसाला आणि घाम एकत्र आले की जो दर्प होतो, तो नुसत्या घामापेक्षा वाईट. अंघोळ करा, अंग कोरडं करा, मग मारा. अंघोळीला वेळ नसेल तर परफ्यूमलाही वेळ नाही असं समजा.

जुलैमध्ये हेच कपड्यांचं. चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, कुबट वास धरतात, आणि लोक त्यावर लव्हेंडर मारतात. कुबटपणा झाकला जात नाही, उलट दोन्ही वेगवेगळे कळतात. कपडा पुन्हा धुऊन पंख्याखाली वाळवा, इस्त्री फिरवा. माझ्या मते भर पावसाळ्यात मसालेदार लव्हेंडर एका फवाऱ्यातच छान वाटतं. दमट हवेत ते रेंगाळतं.

तेलाची बाटली थेट अंगाला

व्हिडिओ बघून हे खूळ वाढलंय. लव्हेंडरचं शुद्ध तेल आता सहज मिळतं. जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या बाजूला, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमुळं शेतकरी मक्याऐवजी लव्हेंडर लावू लागलेत, आणि ते तेल उत्तम असतं. पण ते परफ्यूम नव्हे. कॉलेजातली एक मुलगी माझ्याकडं आली होती. लव्हेंडर, लवंग आणि दालचिनी ही तिन्ही तेलं घरी मिसळून तिनं कानामागं चोळली होती. दोन्ही बाजूंना लालभडक चट्टे, बारीक फोड. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड कातडीला झोंबतं, काहींना कायमची ॲलर्जी जडते. लव्हेंडरचं तेलही उघडं राहून हवा लागली की त्यातल्या लिनालूलचं ऑक्सिडेशन होतं आणि ते ॲलर्जी देऊ शकतं. मी तिला काही विकलं नाही, त्वचेच्या डॉक्टरकडं पाठवलं. नवा परफ्यूम असला तरी आधी कोपराच्या आत एक थेंब लावून दिवसभर बघा. चुणचुण झाली तर धुवा आणि सोडून द्या.

मनगटं एकमेकांवर रगडू नका. वरची लव्हेंडरची झुळूक उगाच लवकर उडते.

पैठणीवर, जरीवर फवारा नको, डाग राहतो. मोत्याची नथ आणि साज परफ्यूम पूर्ण वाळल्यावरच घाला. मोत्याची चकाकी परफ्यूमनं जाते, आणि मग सराफाकडंही त्याला इलाज नसतो.

मोगऱ्याचा गजरा माळणार असाल तर परफ्यूम राहू द्या. गजऱ्यापुढं बाटली लावणं मला पटत नाही.

हा पुरुषांचा की बायकांचा, असं विचारून लोक अडतात. गेर्लां या फ्रेंच घराण्याचा 'झिकी' 1889 चा, त्यात लव्हेंडर आणि व्हॅनिला आहे, आणि तो दोघांनीही वापरलाय. 2019 चा ईव्ह सँ लोराँचा 'लिब्र' तर बायकांसाठीच काढलेला, त्यात लव्हेंडर ठासून आहे. तुमच्या अंगावर चांगला लागतो ना? मग लावा.

ठेवायची जागा

स्कूटरची डिकी, गाडीचा डॅशबोर्ड, बाथरूममधला कप्पा, खिडकीची कड: या चारही जागा वाईट. ऊन, उकाडा आणि दमटपणानं आधी लव्हेंडर मरतं आणि मागं नुसता करपलेला गोडवा उरतो. खोक्यात घालून कपाटात ठेवा. फ्रिजची गरज नाही.

फर्स्ट कॉपीबद्दल मला रोज विचारतात. त्यात पहिला भपकारा हुबेहूब असतो, कारण गिऱ्हाईक तेवढाच हुंगतं हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं. खालचा थर नसतो, आणि अंगाला काय लागतंय याची खात्री नसते. त्या पैशात ओरिजिनलची 10 मिलीची छोटी बाटली घ्या. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिच्यावर काढा, कुठल्या हवेत किती फवारे पुरतात ते बघा, मगच 100 मिलीला हात घाला.